सातला आठ टोले

४ तारीख, मंगळवार

दादा,

हा कागद ओळखीचा वाटेल. बाबांच्या दुकानातलं तक्रार-चिठ्ठ्यांचं पॅड आहे. त्या दिवशी ते माझ्या पिशवीत कसं आलं कोण जाणे. म्हणजे मला माहीत आहे, मीच टाकलं. फोनवर आपण दोघं बोलायला लागलो की काय होतं ते तुलाही ठाऊक आहे, तेव्हा बाबांच्या रिवाजाप्रमाणे लिहूनच देते. ते कुणाची तोंडी तक्रार घेत नसत. गिऱ्हाईकाने घड्याळ पुढे करून तोंड उघडलं की चिठ्ठी सरकवायचे, म्हणायचे, "आधी लिहा. लिहिता लिहिता अर्धी तक्रार कमी होते."

वस्तू: कुत्रा, वय बारा.
तक्रार: ठेवायला जागा नाही.
कधी हवी: १५ तारखेपासून नऊ दिवस.

चिठ्ठीत मावलं नाही ते पाठीमागे लिहिते आहे.

यंदा सुट्टीत मला सासरी जायचं आहे. तीन वर्षं गेले नाही. दर वेळी एकच सांगत आले, लंबकाला ठेवू कुठे. नवरा एकटा जातो आणि आईच्या हातचं खाऊन दोन किलो वाढवून येतो. सासूबाईंना लहानपणी कुत्रा चावला होता, त्यामुळे त्या कॅलेंडरवरच्या कुत्र्यालाही वळसा घालून जातात. लंबकाला तिकडे नेणं शक्यच नाही. तर परवा त्यांनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, "मी रागावलेली नाही हं. फक्त एवढं सांग, तुझ्या यादीत मी त्या कुत्र्याच्या वर आहे की खाली?" त्यांची कवळी मीच आमच्या दातांच्या लॅबमध्ये बनवली आहे, पण तिच्यातून निघणारे शब्द पूर्णपणे त्यांचे असतात. मी म्हटलं, येते.

मग बोर्डिंग शोधलं. स्वच्छ जागा, सतरा कुत्रे, आणि त्या सगळ्यांना नावानिशी ओळखणारी एक बाई. तीन पानी फॉर्म भरून घेतला. घाबरतो कशाला, तर मिक्सरला. झोपतो कसा, तर पाठीवर, चारी पाय वर करून. सगळं लिहिलं, एक गोष्ट लिहायची राहिली, कारण लाज वाटली. आमच्याकडे सात वाजता मी पेल्यावर चमचा वाजवते, तेव्हाच तो जेवायला उठतो. त्याच्या लेखी ते बाबांचं घड्याळ. एक दिवस ट्रायल म्हणून ठेवला, त्याने घासाला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पेला घेऊन गेले आणि वाजवला. त्याबरोबर सतराच्या सतरा भुंकायला लागले आणि आपलं ध्यान टेबलाखाली शिरलं. बाई म्हणाली, "ताई, सगळ्यांसाठी घंटा वाजवत बसले तर माझी शाळाच भरेल की." तिचं खरं आहे.

तुझं गाव बरोबर अर्ध्या वाटेवर पडतं. नवरा सांगतो, बाहेरच्या रस्त्यावरून दुकानातला दिवा दिसतो. तू लंबकाला रस्त्यावर सोडायला निघाला होतास हे मी विसरलेले नाही. तरीही विचारते आहे, यावरून माझी काय अवस्था आहे ते समज.

तुझी (कागदोपत्री) बहीण


११ तारीख, मंगळवार

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. अख्ख्या चिठ्ठीवर तीन शब्द. "पंधराला घेऊन ये." मी पाठपोट लिहून पाठवलं आणि हा माणूस तीन शब्दांत मोकळा. ती मी नवऱ्याला वाचून दाखवली तर तो म्हणाला, "अजून किती लिहायला हवं होतं त्याने?" बरोबरच आहे.

आता सूचना. डाव्या मागच्या पायात सांधेदुखी आहे, सकाळी उठताना कमरेखाली हात देऊन उचलायचं. गोळी केळ्यात लपवून द्यायची. त्याला कळतं, पण तो आपलं मन राखायला न कळल्यासारखं करतो. उजव्या कानाने ऐकू कमी येतं, हाक डावीकडून मारायची. दिवसातून एकदाच जेवतो, संध्याकाळी. जेवणाबद्दल आणखी काही लिहीत नाही. तुझ्याकडे तर खरं घड्याळ भिंतीवर आहे, पेल्या-चमच्याची नाटकं लागणार नाहीत. घड्याळ वाजलं की तो उठेल. नऊ वर्षं त्याने दुसरं केलं काय.

आणि एक. मागच्या पत्रात मी लिहिलं की तू त्याला रस्त्यावर सोडणार होतास. तू तसं म्हणाला नव्हतास. तू म्हणाला होतास, "मला याच्याकडे बघवत नाही, कुणीतरी घेऊन जा." तीन वर्षं मी हे वाढवून वाढवून सांगत आले. एका मैत्रिणीला सांगताना तर मी त्यात एक पोतंही घातलं होतं. पोतं वगैरे काही नव्हतं, हे मला चांगलं आठवतं. बाबांच्या खुर्चीखाली तो बसला होता आणि तू खुर्चीकडे पाठ करून उभा होतास.

पंधराला चारच्या सुमारास पोचतो.

तुझी बहीण


१७ तारीख, सोमवार
(सासरहून)

दादा,

हे लिहून फोटो काढून पाठवते आहे, पोस्टाची वाट बघण्यात अर्थ नाही.

परवा आम्ही आलो तेव्हा तू डोळ्याला भिंग लावून बसला होतास आणि भिंग काढायचं नाव घेईनास. "हं, ठेव तिथे," म्हणालास, जसं काही मी गजराचं घड्याळ आणलंय. लंबक मात्र तुझ्या परवानगीसाठी थांबला नाही. दुखऱ्या पायाने पायरी चढला, सरळ कामाच्या टेबलाखाली गेला आणि त्याच्या त्या जुन्या जागेवर धपकन बसला. तेव्हा तू भिंग काढलंस. मी बघितलं, पण बघितलं नाही असं दाखवलं. वहिनी जेवून जा म्हणत होती. मी म्हटलं, उशीर होतोय, आणि पावणेसातला गाडीत बसले. उशीर वगैरे काही होत नव्हता. मला ते घड्याळ ऐकायचं नव्हतं. ऐकलं असतं तर मी वहिनीच्या गळ्यात पडून रडले असते, आणि तुझ्यासमोर रडायचं नाही असं मी गाडीतच ठरवून आले होते.

आज सकाळी तुझ्या चिठ्ठीचा फोटो आला. "वस्तू: कुत्रा. तक्रार: दोन दिवस जेवला नाही. पाणी पितो. कधी हवी: ताबडतोब सांग काय करू."

तेव्हापासून मी फोन हातातून खाली ठेवलेला नाही. कारण सांगते, आता लपवून काय उपयोग.

तीन वर्षांपूर्वी तुझा फोन आला तेव्हा मी इथेच होते. याच व्हरांड्यात, याच वेताच्या खुर्चीत, हीच सुट्टी. तू म्हणालास, "बाबांना जरा बरं नाही. दोन दिवस जेवत नाहीयेत. जमलं तर ये." जमलं तर. मी विचार केला, दादा म्हणतोय जमलं तर, म्हणजे एवढं काही नसेल. दुसऱ्या दिवशी सगळ्यांबरोबर तलावावर गेले, नावेत बसले, फोटो काढले. तिसऱ्या दिवशी निघाले. तू दारात उभा होतास, आणि तुझ्या तोंडाकडे बघूनच मला कळलं. तू एक शब्द बोलला नाहीस. बोलला असतास तर बरं झालं असतं. मग मीच भांडण उकरून काढलं, कुत्र्यावरून, कारण भांडायला तेवढंच सापडलं. त्याला टॅक्सीत घालून निघून आले.

म्हणजे लंबकाला ठेवायचं कुठे, हे सासूबाईंना सांगायला होतं. खरं म्हणजे मला या खुर्चीत पुन्हा बसायची भीती वाटत होती. आज बसले आहे, आणि तिकडून पुन्हा तीच चिठ्ठी, दोन दिवस जेवला नाही. मला खूप भीती वाटते आहे, दादा.

एक बघ. घड्याळ चालू आहे ना? सातला आठ टोले देतंय ना? बाबा आठव्या टोल्याला शटर ओढायचे आणि मगच त्याचं भांडं भरायचे. मी पेल्यावर आठच वाजवते. तो मोजत असेल असं माझं म्हणणं नाही, पण सातव्यानंतर मान वर करून थांबतो, आणि आठवा पडला की उठतो.

लगेच सांग.

कटकट
(तू ठेवलेलं नाव. बऱ्याच दिवसांत या नावाने कुणी हाक मारली नाही.)


१८ तारीख, मंगळवार

दादा,

काल तुझं उत्तर आलं, "घड्याळ चालू आहे. तीन वर्षांपूर्वीच नीट केलं. सातला सात."

वाचून मला आधी असा राग आला की मी फोन उशीखाली दाबून ठेवला. बाबांनी वीस वर्षं ज्याला हात लावला नाही त्याला तू ते गेल्या गेल्या हात लावलास. गिऱ्हाइकं त्यांना चिडवायची, घड्याळजीच्या दुकानातलंच घड्याळ एक टोला जास्त देतं. बाबा म्हणायचे, "काटे बरोबर आहेत ना? मग वरचा टोला माझ्याकडून फुकट." तुला ते कधीच पटलं नाही. शाळेत असल्यापासून तू त्यांच्या मागे लागायचास, की लोक हसतात, ते नीट करा. मग राग जरा उतरला आणि मी डोळ्यांपुढे आणलं, की दुकानात तू एकटा आहेस, खुर्ची रिकामी आहे, आणि रोज सात वाजता तो आठवा टोला पडतोय, ज्याला शटर ओढायला बाबा नाहीत. मीसुद्धा बंद केला असता. कदाचित मी घड्याळच उतरवलं असतं.

म्हणून काल मी पेल्याचा उपाय सुचवला. घड्याळाचे सात झाले की लगेच पेल्यावर एक वाजव म्हटलं. त्यावर आज सकाळी तुझं उत्तर, "वाजवला. माझ्याकडे बघून शेपूट हलवलं. जेवला नाही." शेपूट हलवलं म्हणजे तुझा प्रयत्न त्याला आवडला. बाबांनी त्याचं नाव लंबक ठेवलं ते त्या शेपटावरूनच. पण माझ्या घरात पेला चालतो, कारण माझ्या घरात ते घड्याळ नाही. तिथे घड्याळ समोर असताना त्याला पेल्याने कोण फसवणार.

दुपारी मी बॅग भरायला घेतली. तीन दिवस उपाशी, आणि बारा वर्षांचं वय. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता यादीतला वर-खालीचा हिशेब निघणार. त्या म्हणाल्या, "उद्या पहाटेच निघ. या वेळी थांबू नकोस." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मागच्या वेळी मीच म्हटलं होतं, सगळी मंडळी आलीत, एक दिवस थांब. तीन वर्षं तू आली नाहीस, मला वाटलं त्याचाच राग धरून बसलीस. कुत्र्याचं तोंडदेखलं सांगतेस." दादा, त्या असं काही म्हणाल्या होत्या हे मला आठवतही नव्हतं. इकडे मी स्वतःला दोष देते, तिकडे त्या स्वतःला देतात, आणि तू दारात गप्प उभा. तिघांनी एकच ओझं वेगवेगळ्या घरांत उचलून ठेवलं होतं. मी त्यांना सांगितलं, राग नव्हता, तुमच्यावर तर नाहीच. त्या म्हणाल्या, "मग बॅग नीट भर, चुरगळून कोंबू नकोस."

तर मी उद्या पहाटे निघते आहे. त्याआधी आजची एक संध्याकाळ आहे.

अर्ध्या मिनिटाचं काम आहे हे मलाही माहीत आहे. बाबांनी मला एकदा स्टुलावर उभं करून दाखवलं होतं. आतली ती बारीक तार एकदा वर उचलायची, पुढच्या तासाचे टोले आधीच पडून जातात, आणि तिथून पुढे दर तासाला एक टोला जास्त. तेव्हा अडचण हाताची नाही. ते दुकान आता तुझं आहे, नाव तुझं आहे, आणि दर्शनी भिंतीवर चुकीचं वाजणारं घड्याळ टांगणं म्हणजे तुझ्यासाठी काय आहे ते मी जाणते. म्हणून मी ते करायला सांगत नाही. सांगत नाही म्हणते आणि पानभर तेच सांगते आहे. तुझी मर्जी. नाही केलंस तरी मी उद्या येते आणि त्याला घेऊन जाते, आणि या वेळी पोत्याची गोष्ट रचणार नाही.

कटकट


त्याच दिवशी, सव्वासात

सात वाजायला पाच मिनिटं असल्यापासून आम्ही चौघं व्हरांड्यात. सासऱ्यांनी शब्दकोडं बाजूला ठेवलेलं, नवऱ्याने टीव्ही बंद केलेला. सासूबाई, ज्या कॅलेंडरवरच्या कुत्र्याला वळसा घालतात त्या, दर मिनिटाला विचारत होत्या, "जेवला का ग तो?"

सात वाजून आठ मिनिटांनी चिठ्ठी आली. मी ती मोठ्याने वाचली.

"वस्तू: भिंतीवरचं घड्याळ.
तक्रार: बरोबर वाजत होतं.
काम झालं. सातला आठ. जेवला. भांडं ढकलत दारापर्यंत नेलं."

मी रडले, सगळ्यांसमोर. सासूबाईंनी पदर पुढे केला आणि म्हणाल्या, "आता बॅग सोड." सोडली.

दादा, थँक्यू म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून म्हणत नाही.


२४ तारीख, सोमवार
(घरून)

दादा,

सुखरूप पोचलो. लंबक वाटभर घोरत होता. उरलेले दिवस मी सासरी अगदी मजेत काढले हे तुला सांगायला हवं. पुन्हा तलावावर गेले, पुन्हा नावेत बसले. सासूबाईंची कवळी घासून नीट बसवून दिली, आता त्या आणखी स्पष्ट बोलतात. निघताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी त्यालाही घेऊन या. मी आतल्या खोलीत बसेन. दार लोटून, कडी न लावता." त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

काल तुझ्याकडे आलो तेव्हा साडेसहा झाले होते. या वेळी मी घाई केली नाही. वहिनीने पानं घ्यायला घेतली, नवरा तिच्या मदतीला गेला, आणि मी बाबांच्या खुर्चीत बसले. तू एकदा बघितलंस आणि पुन्हा कामाला लागलास. मग वाजायला लागलं. मी मोजत होते, तूही मोजत होतास, तुझे ओठ हलत होते. सात झाल्यावर लंबकाने मान वर केली. आठवा पडला. तू उठलास, शटर अर्धं ओढलंस आणि त्याचं भांडं भरलंस, तस्सं, बाबांसारखं, आधी बोट घालून गरम आहे का बघून. तेवढ्यात तो एक म्हातारा दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ घ्यायला आला होता ना, तो हसून म्हणाला, "अहो, तुमचं घड्याळ चुकतंय." आणि तू म्हणालास, "काटे बरोबर आहेत. वरचा टोला आमच्याकडून."

तेव्हा मी पाणी प्यायला आत गेले. मला तहान लागलेली नव्हती.

जेवताना तू एकदाच बोललास. ताटाकडे बघत म्हणालास, "मी जमलं तर म्हणायला नको होतं." मी म्हटलं, "मी जमवायला हवं होतं." वहिनी म्हणाली, "भात घ्या दोघं." इतकंच झालं. तीन वर्षं मी या बोलण्याची तयारी करत होते, भाषणं रचून ठेवली होती, आणि सगळं भात वाढायच्या आत संपलं. मला वाईट वाटलं नाही. पोट भरून जेवले.

आता मुख्य गोष्ट. घरी येऊन लंबकाचा पट्टा काढला तर त्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली, दुरुस्तीच्या घड्याळांना बांधतोस तशी. नवऱ्याला वाटलं, औषधाची असेल. मी दिव्याखाली धरली.

"वस्तू: बहीण.
तक्रार: तीन वर्षं बंद होती.
कधी हवी:"

पुढे कोरं. कधी हवी ते गिऱ्हाइकाने लिहायचं असतं, हा बाबांचा नियम तुला माहीत आहे. ते कोरं सोडलेलं असलं तर ते काम घेत नसत. पण तू मुळातच कमी लिहितोस आणि जमलं तर म्हणायची तुला आता भीती बसली असणार, म्हणून ती जागा मीच भरली आहे. चिठ्ठी सोबत जोडली आहे, फायलीला लावून ठेव.

कधी हवी: रविवारी, तीस तारखेला. सातच्या आत पोचते. पानं आठव्या टोल्यानंतर घ्यायला वहिनीला सांग.

कटकट